सोनोग्राफीच्या खोलीची किल्ली कुणाकडे?

काही वर्षांपूर्वी रमजान एप्रिलमध्ये आला होता, तेव्हाची गोष्ट. परभणीचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. माझी मोठी बहीण, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिली आहे. सहरी करून ती फजरच्या नमाजला उभी राहिली आणि पोटात कळ आली. तिने कुणाला सांगितलं नाही. दुपारी जोहरसाठी वुजू करताना ती मोरीतच चक्कर येऊन पडली. रोजा, त्यात ऊन, त्यात घरभराचं काम. कुणाला वेगळी शंका यायचं कारण नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी बीपी पाहिला, "रोजे की कमजोरी है, और कुछ नै" म्हणाले, रोजा सोडायला लावला, सलाईन लावलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं. पाळी कधी आली होती, हे तिला कुणी विचारलं नाही. खाटेशेजारी सासरे बसलेले, दारात दीर उभा. विचारलं असतं तरी ती बोलली नसती.

असरनंतर ती पांढरीफटक पडली आणि खांदा दुखतोय म्हणू लागली. दुल्हाभाईंनी जीप करून तिला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, एमबीबीएस. त्याने पुरुषांना बाहेर काढलं, सिस्टरला विचारायला लावलं, लघवीची तपासणी करून घेतली. दोन रेघा आल्या. "सोनोग्राफी लागेल," तो म्हणाला. मशीन त्याच इमारतीत होतं, वीस पावलांवर. खोलीला कुलूप होतं. सोनोग्राफीचे साहेब गुरुवारी येतात. तो दिवस सोमवारचा होता. दुल्हाभाईंनी हात जोडले, तेव्हा तो डॉक्टर म्हणाला, "मी मशीनला हात लावला तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल. आणि खरं सांगू का, मला ते वापरताही येत नाही."

त्याने चिठ्ठी लिहून परभणीला पाठवलं. परभणीत पोहोचेपर्यंत इफ्तार होऊन गेली होती. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, आधी सोनोग्राफी करून आणा. सेंटर बंद झालं होतं. मी तरावीह सोडून धावलो. रात्री साडेअकराला एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी आपाच्या पोटावर प्रोब ठेवला आणि मिनिटाच्या आत मान वर केली. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता, नळी फुटली होती, पोटात रक्त साचलं होतं. साडेबाराला ऑपरेशन सुरू झालं. चार बाटल्या रक्त लागलं. ती मोरीत पडली तिथपासून मोजलं तर अकरा तास.

आपा वाचली. गेली असती तर "अल्लाहची मर्जी" म्हणून आम्ही तिला दफन केलं असतं, आणि हा लेख कधी लिहिलाच गेला नसता.

गेली दहा वर्षं मी आमच्या मोहल्ल्याच्या ॲम्ब्युलन्स समितीत आहे. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन नांदेडला आणि घाटीला पळणं हे माझं ठरलेलं काम. त्या रात्रीनंतर मला एक प्रश्न सतावतो. मिनिटभरात जे दिसलं, ते दिसायला अकरा तास का लागले? उत्तर शोधत गेलो तेव्हा कळलं की यात सरकारचा दोष आहे, तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनांचा आहे, आणि आपलाही आहे. तिघांविषयी लिहितो.

आधी मशीन काय करतं ते

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाळ येतं. पण जगभर गेल्या काही दशकांत या मशीनचा दुसरा वापर वाढला आहे. पेशंट खाटेवर असतानाच, तपासणाऱ्या डॉक्टरनेच प्रोब ठेवायचा आणि एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. पोटात रक्त किंवा पाणी आहे का? फुप्फुसाभोवती पाणी साचलंय का? हृदय जोरात आकुंचन पावतंय की मंद? मूत्रपिंड फुगलंय का? गर्भ पिशवीत आहे का, आणि त्याचे ठोके पडतायत का? वार खाली, पिशवीच्या तोंडावर तर नाही? मशीन आता लॅपटॉपएवढं झालं आहे, काही तर मोबाईलला जोडता येतात. जर्मनीत कित्येक फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात ते असतं.

परभणीत याचा उपयोग कुठे होईल? उसाच्या ट्रॉलीला रात्री मोटारसायकल धडकते. पोरगा शुद्धीवर असतो, अंगावर जखम दिसत नाही, पण प्लीहा फाटून आत रक्त वाहत असतं. प्रोब ठेवला की कळतं, याला पहिल्यांदा सर्जनकडे न्यायचंय. डेंग्यूच्या दिवसांत सगळं घर प्लेटलेटचा आकडा विचारत बसतं. खरा धोका रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून छातीत आणि पोटात उतरण्याचा असतो, आणि ते पाणी सोनोग्राफीत दिसतं. म्हाताऱ्या अब्बांना धाप लागते. दमा आहे, न्यूमोनिया आहे की हृदय थकल्यामुळे फुप्फुसात पाणी झालंय? तिन्हींची औषधं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर रात्र काढणं कठीण.

यातला कुठलाही प्रश्न रेडिओलॉजिस्टच्या पूर्ण रिपोर्टची जागा घेत नाही. बारीक गाठ, गर्भातलं व्यंग, यकृताचा आजार हे त्यांचंच काम आहे आणि राहील. इथे फक्त एवढं ठरवायचं असतं: हा पेशंट सकाळपर्यंत थांबू शकतो की आत्ता निघायला हवं, आणि निघायचं तर कुणाकडे. आपाच्या चिठ्ठीवर "पोटात रक्त, नळीतला गर्भ फुटल्याची शक्यता" असं लिहिलेलं असतं, तर कुणी आम्हाला बंद सेंटरकडे पाठवलं नसतं. तालुक्यातूनच फोन गेला असता आणि परभणीत ऑपरेशनची तयारी आधी झाली असती.

कायदा कुठून आला

आता त्या डॉक्टरच्या भीतीकडे येतो. ती खोटी नव्हती. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी आपण वाचतो. त्या पाटीमागे मोठा लढा आहे, आणि तो महाराष्ट्राचा आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्रीवादी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लिंगनिदानाविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तो कागदावरच राहतो म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

त्याची गरज होती याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. राज्याचा आकडा ८९४. पुढच्याच वर्षी परळीत काय उघडकीस आलं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. "आपल्यात असलं होत नाही, आपल्या दीनात मुलगी रहमत आहे," असं आपल्याकडे छाती ठोकून सांगतात. २००१ मध्ये देशातल्या मुस्लिमांत हा आकडा ९५० होता, २०११ मध्ये ९४३ झाला. इतरांपेक्षा बरा आहे, पण उतरतो आहे. म्हणून मी सुरुवातीलाच सांगतो, हा कायदा ढिला करा अशी मागणी मी करत नाही. तशी मागणी करणाऱ्यांच्या शेजारी मी उभाही राहणार नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. कायदा नीट वाचला तर त्यात एक दार आहे, आणि ते दार आपण कुणी ढकलूनच पाहिलेलं नाही.

कायद्याप्रमाणे गर्भाचं लिंग दाखवू शकणारं कुठलंही मशीन नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. तुम्ही ते फक्त छाती तपासायला वापरा, तरी नोंदणी हवीच. मशीन कोण चालवेल हेही ठरलेलं आहे. तज्ज्ञाची पदवी किंवा पदविका असलेला डॉक्टर, किंवा सहा महिन्यांचं ठरवून दिलेलं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने या प्रशिक्षणाचे नियम काढले. ३०० तासांचा अभ्यासक्रम, पोट आणि ओटीपोट तपासण्यावर भर, शेवटी परीक्षा. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही अट रद्द ठरवली होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सुटसुटीत, उचलून नेता येणाऱ्या मशीनबद्दलही २०१२ चा नियम आहे: नोंदणी झालेल्या रुग्णालयात, भरती पेशंटसाठी ते वापरता येतं, शिवाय इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकातही.

म्हणजे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, नोंदणी झालेल्या मशीनवर, प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरने आपाच्या खाटेशी प्रोब ठेवणं यात कायद्याची कुठलीच आडकाठी नव्हती. आडकाठी एवढीच होती की त्या डॉक्टरला कुणी शिकवलं नव्हतं.

"गुरुवारी येतात" ही व्यवस्था नाही

२०१२ च्याच आणखी एका नियमाने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन सोनोग्राफी केंद्रांत नोंदणी करता येते. फिरून-फिरून लिंगनिदान करणाऱ्यांना आवरायला हा नियम आला आणि तो बरोबर आहे. पण त्याचा हिशेब करा. परभणी जिल्ह्यात तालुके नऊ: परभणी, गंगाखेड, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम, पूर्णा, सोनपेठ. रेडिओलॉजिस्ट आपलं बस्तान शहरात बसवणार, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. त्याला बाहेर जायचं म्हटलं तरी एकाच ठिकाणी जाता येईल. मग खेड्यातल्या बाईच्या वाट्याला येतो तो गुरुवार. नळी मात्र गुरुवार पाहून फुटत नाही.

सरकारने २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसकट, मोफत. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की प्रत्येक गरोदर बाईची २४ आठवड्यांच्या आत एकदा सोनोग्राफी व्हावी. हक्क कागदावर आहे, मशीन खोलीत आहे, डॉक्टर ड्युटीवर आहे. तिघांना जोडणारे ते ३०० तास तेवढे नाहीत. मशीन खरेदीचं टेंडर निघतं, उद्घाटनाला पुढारी येतात, फीत कापली जाते. शिकवण्याच्या उद्घाटनाला फीत नसते, म्हणून ते होत नाही.

आक्षेप, आणि माझी उत्तरं

पहिला आक्षेप: जास्त हातांत मशीन गेलं तर जास्त मुली मारल्या जातील. भीती खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. परळीत पदवीधर डॉक्टरचं मोठं इस्पितळ होतं. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये जो पकडला गेला तो होमिओपॅथ होता. दोन्हीकडे गुन्हा चालला तो खाजगी दवाखान्याच्या चार भिंतींत, पैशासाठी, आणि यंत्रणेने डोळे मिटले म्हणून. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, सिस्टरच्या देखत, नोंदवही आणि फॉर्म भरून चालणारं मशीन हे लिंगनिदानाचं सोयीचं ठिकाण नाही. दुसरं म्हणजे, नळीतला गर्भ सहाव्या-आठव्या आठवड्यात पकडायचा असतो. तेव्हा सोनोग्राफीत गर्भाचं लिंग दिसूच शकत नाही. आणि अपघातातल्या पोराच्या प्लीहेला लिंग नसतं. कायदा तसाच ठेवा, तपासण्या वाढवा, मशीनमधली प्रत्येक प्रतिमा जपून ठेवायची सक्ती करा. पण मुली वाचवायच्या कायद्याचं नाव सांगून आयांना मरू देऊ नका. ज्या बायांनी ऐंशीच्या दशकात रस्त्यावर उतरून हा कायदा मिळवला, त्यांनी तो आपाच्या खोलीला कुलूप लावण्यासाठी मिळवला नव्हता.

दुसरा आक्षेप रेडिओलॉजिस्टांचा: अर्धवट शिकलेला डॉक्टर चुकेल. हो, चुकेल. सगळ्यात घातक चूक म्हणजे काही दिसलं नाही म्हणून "सगळं नॉर्मल आहे" असं सांगून घरी पाठवणं. म्हणून प्रशिक्षणात पहिला धडा हाच हवा: दिसलं तर धावा, न दिसलं तरी पेशंटकडे बघा. पण आज तिथे काय आहे याच्याशी तुलना करा. आज तिथे कुलूप आहे. तज्ज्ञांना दर्जाची इतकी काळजी असेल तर त्यांनी शिकवायला यावं, शिकाऊ डॉक्टरने काढलेल्या प्रतिमा आठवड्याला तपासाव्यात, चुका दाखवाव्यात. शिकवणारही नाही आणि दुसऱ्याला करूही देणार नाही, याला दर्जाची काळजी म्हणत नाहीत. त्याला धंद्याची हद्द राखणं म्हणतात.

हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला निरक्षर बायांना आरोग्य सेविका म्हणून शिकवायला घेतलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी खेड्यातल्या बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा हे डॉक्टरचं काम आहे असं म्हटलं गेलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. मी तर इथे खेड्यातल्या बाईला शिकवा असंही म्हणत नाही. साडेपाच वर्षं शिकलेल्या, सरकारने नेमलेल्या डॉक्टरला शिकवा म्हणतोय.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांना आवडणार नाही, पण तो लपवणं अप्रामाणिकपणा होईल. कांगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांत मोठा प्रयोग झाला. ग्रामीण केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवून गरोदर बायांची सोनोग्राफी सुरू केली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: माता आणि बालमृत्यू कमी झाले नाहीत. का? कारण दोष दिसला तरी पुढे न्यायला गाडी, रक्त, ऑपरेशन करणारा हात हे सगळं तिथे जागेवर असावं लागतं. मशीन प्रश्नाचं उत्तर देतं, पेशंटला उचलून नेत नाही. म्हणून माझी मागणी मशीनची नाही. शिकलेला डॉक्टर, त्याच्या हातात फोन, फोनच्या पलीकडे जागा असलेला सर्जन आणि रक्तपेढी, अशी साखळी हवी. परभणीत तिच्या बऱ्याच कड्या आहेत. जिल्हा रुग्णालय आहे, स्त्री रुग्णालय आहे, १०८ ची गाडी आहे. तुटलेली कडी पहिलीच आहे: तालुक्यातल्या डॉक्टरला काय झालंय ते दिसत नाही.

आणि त्याच्याही आधीची कडी म्हणजे विचारणं. "पाळी चुकली का?" हा प्रश्न आणि लघवीची एक तपासणी दुपारी दोनलाच झाली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं. पुरुषांना खोलीबाहेर काढायला कुठलंही मशीन लागत नाही.

आता आपल्या घरात

आपल्या मोहल्ल्यातला फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा बीयूएमएस किंवा बीएचएमएस असतो. तोच रात्री दार उघडतो, तोच उधारीवर औषध देतो, त्याचे उपकार मी जाणतो. त्यांच्यातले काही मित्र मला म्हणाले, आम्हालाही प्रशिक्षण मिळावं असं लिही. मी लिहिणार नाही. कायदा एमबीबीएसवर थांबतो, आणि मुलींच्या जिवाशी जोडलेल्या या कायद्यात आपण आपल्या बिरादरीसाठी खिडकी मागू लागलो तर उद्या प्रत्येक जण मागेल. त्यांच्यासाठी मागायचं ते वेगळं आहे. कुठल्या खुणा दिसल्या की क्षणभर न थांबता पुढे पाठवायचं, याचं जिल्हा रुग्णालयाने दर वर्षी शिबिर घ्यावं, आणि पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते त्यांना कळवावं. गावातल्या त्या डॉक्टरांना आपाचं काय झालं हे आजही कुणी सरकारी माणसाने सांगितलेलं नाही. मग पुढच्या बाईच्या वेळी ते काय वेगळं करणार?

आणि आपण? मी ज्या समितीत आहे तिच्यापासूनच सुरुवात करतो. आपण ॲम्ब्युलन्स घेतो, शववाहिका घेतो, रक्तदान शिबिर घेतो, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात पाण्याचे आणि औषधांचे स्टॉल लावतो. सगळं चांगलंच आहे. पण नीट बघितलं तर आपली बहुतेक मेहनत पेशंट परभणीबाहेर काढण्यात जाते. नांदेड पाऊणशे किलोमीटर, घाटी दोनशे. दर वर्षी चंदा गोळा होतो, डिझेल जळतं. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात काय बंद आहे आणि का, हे विचारायला आपल्यातला एकही माणूस जात नाही. दान द्यायला आपण पुढे असतो, हिशेब मागायला लाजतो. "सरकारी दवाखाना, तिथे काय बोलायचं," हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा म्हटलं आहे. रुग्णालय आपल्याही करातून चालतं, आणि तिथे खेटे आपल्याच बाया घालतात.

नीट पास झालेल्या आपल्या मुलींचे आपण हार घालून सत्कार करतो. साडेपाच वर्षांनी ती मुलगी डॉक्टर होते, तेव्हा तिला कुणी विचारत नाही, तुला काय शिकायचंय, कुठे काम करायचंय. राज्यात सरकारी जागेवर एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ते वर्ष आपल्या मुलींनी आपल्याच जिल्ह्यात करावं आणि त्याआधी किंवा नंतर हे सहा महिने शिकावेत, यासाठी त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे समाजाचं काम आहे. आपासारख्या बाईच्या पोटावर प्रोब ठेवायला बाई डॉक्टर असेल तर ती पहिल्या कळेलाच बोलेल. हा अनुभव आहे, यासाठी कुठला अभ्यास लागत नाही.

मागायचं काय, करायचं काय

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते मिळावं म्हणून हा जिल्हा रस्त्यावर उतरला होता, सगळ्या जातीधर्मांचे लोक उतरले होते. मग ते महाविद्यालय फक्त नव्या डॉक्टरांचं का असावं? आज ड्युटीवर असलेल्यांचंही असायला हवं. माझ्या मागण्या तीन आहेत.

एक, या महाविद्यालयाने जिल्हा रुग्णालयाच्या मदतीने जिल्ह्यातल्या सरकारी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण चालवावं. तुकड्या लहान ठेवाव्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं ओस पडणार नाहीत. कायम नोकरीतल्यांना आधी घ्यावं, कारण बंधपत्रावरचा डॉक्टर वर्षाने जातो आणि शिकलेलं सोबत घेऊन जातो.

दोन, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात किमान दोन डॉक्टर मशीन चालवण्यासाठी नोंदलेले असावेत. एकाची बदली झाली किंवा एक रजेवर गेला तर खोलीला पुन्हा कुलूप लागू नये.

तीन, अपघात विभागात मशीन चोवीस तास मिळावं, प्रतिमा जपून ठेवाव्यात, आणि रेडिओलॉजिस्टने त्या नियमित तपासाव्यात. हे लिंगनिदान रोखण्यासाठीही हवं आणि शिकणाऱ्याची चूक सुधारण्यासाठीही.

निवेदनं द्यायच्या आधी आपल्या हातात माहिती हवी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर करता येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीस दिवसांत उत्तर मागायचं. तालुक्याच्या रुग्णालयाला चार प्रश्न विचारा. सोनोग्राफी मशीन आहे का आणि कधी आलं? त्याची नोंदणी कधीपासून आहे? ते चालवण्याची परवानगी आज किती डॉक्टरांना आहे? गेल्या बारा महिन्यांत ते किती दिवस चाललं? उत्तर आलं की त्याची प्रत आमदारांना द्या, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना द्या, मशिदीत जुम्याला वाचून दाखवा, शेजारच्या मंडळालाही द्या. कुलूप सगळ्यांच्या आयाबहिणींसाठी लागलेलं आहे.

परवा आपा घरी आली होती. हे लिहितोय म्हटल्यावर म्हणाली, "मेरा नाम मत डाल, बस उस पोट्टे डॉक्टर की बदनामी मत कर. उसने पूछा था, बाकी किसी ने नै पूछा." मी तिचं ऐकलं आहे. त्या डॉक्टरला शिकायचं होतं, शिकवणारं कुणी नव्हतं.

जिल्ह्यात तालुके नऊ आहेत. एका तालुक्याचा अर्ज मी गेल्या सोमवारी टाकला. आठ उरलेत.